श्वास मोजणारी गादी

डॉ. उत्तरा पेंढारकरांनी जन्मात कुणाची भीड ठेवली नाही. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात भल्याभल्यांना भर सभेत गप्प बसवणारी बाई ती! पण एक नियम त्या कटाक्षाने पाळत. पोटच्या पोराला चारचौघांत टोकायचं नाही, काय बोलायचं ते घरी.

त्यांचा मुलगा अक्षत जवळच्याच ॲन आर्बरला इंजिनिअर. त्याने तान्ह्या बाळांसाठी गादी बनवली होती. बाळाचा श्वास अडखळला की ती इंटरनेटवरून आईच्या फोनवर आणि कंट्रोल रूमला कळवणार. गादीला स्वतःचा आवाज नव्हता, कारण खोट्या अलार्मने आया घाबरून जात. एका बड्या फाउंडेशनला डेट्रॉइटमधले बालमृत्यू पाच वर्षांत निम्म्यावर आणायचे होते. पैसा दहा ठिकाणी चिमूट चिमूट टाकण्यापेक्षा एकाच नव्या कल्पनेत ओतायचा, असं त्यांचं ठरलं होतं.

आजवर पैसा मिळणाऱ्या त्या दहा ठिकाणांत उत्तराताईंच्या सहा नर्सही होत्या. निवृत्तीनंतर ताईंनीच त्या जमवल्या होत्या. दर गुरुवारी घरोघरी जायचं, बाळ कुठे झोपतं, कसं झोपतं ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फाउंडेशनच्या मीटिंगमध्ये अक्षत छान बोलला. ताईंचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी मनात आलं, नर्स जातात त्या घरांतलं इंटरनेट तर बिल थकून महिन्यातले आठ दिवस बंद असतं. मग गादी कळवणार कुणाला? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. समोर फाउंडेशनची माणसं माना डोलवत होती. ताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि प्रश्न घरी विचारायचं ठरवलं.

घरी तो लहान मुलासारखा नाचत होता. "आई, दे लव्ड इट! यार, आय कान्ट बिलीव्ह इट!" एवढ्या आनंदात कुठे मिठाचा खडा टाकायचा, म्हणून ताईंनी विषय उद्यावर ढकलला. पुढे तो उद्यावरच राहिला. सगळा पैसा गादीला गेला आणि नर्सचं काम बंद करायच्या कागदावर सही त्यांनीच केली.

मार्चमध्ये डेट्रॉइटमधल्या डेनिस नावाच्या एका आईची मुलगी गेली, सात आठवड्यांची. पाळण्यात अक्षतच्या गादीवर जाड गोधडी होती, ती तोंडावर आली. घरातलं इंटरनेट तीन दिवस बंद होतं.

ताई अंत्यविधीला गेल्या. डेनिसने त्यांचा हात धरून विचारलं, "डॉक्टर, माझ्या मोठ्याच्या वेळी तुमची नर्स यायची. पाळण्यात काही ठेवू द्यायची नाही. या वेळी का नाही आली?"

ताईंनी हलकेच हात सोडवून घेतला. त्या बाहेर येऊन गाडीत बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. पंचाहत्तरीच्या बाईला रडताना पाहून लोक तोंड फिरवून जात होते. मग डोळे पुसून त्यांनी गाडी सरळ ॲन आर्बरला घेतली.

अक्षत लॅबमध्ये एकटाच होता. त्याचे डोळे सुजलेले होते. "गादीने पकडलं होतं, आई. पूर्ण चार मिनिटं ती अलर्ट सेंड करत होती. कुणालाच गेला नाही." त्याने लॅपटॉप मिटला. "एवढे एक्स्पर्ट्स होते त्या रूममध्ये. वायफाय नसेल तर काय, हे एकालाही सुचू नये?"

हो रे बाळा, नाही सुचलं कुणाला, एवढं ताईंनी म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याला कधी कळलंही नसतं.

"मला सुचलं होतं," ताई म्हणाल्या.

"व्हॉट? कधी?"

"त्याच मीटिंगमध्ये. तू बोलत होतास तेव्हा."

तो बघतच राहिला. "मग विचारलं का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुला मान खाली घालायला लागली असती रे."

अक्षत खुर्चीत मटकन बसला. मग अगदी हळू म्हणाला, "आई, मी घातली असती ना."