न वाचलेली ओळ

"मॅडम, हा पत्ता आपल्या कॉलेजचा आहे का?"

मागच्या रांगेतल्या मुलीने पडद्याकडे बोट दाखवलं आणि सभागृहात हशा पिकला. पहिल्या वर्षाची पोर, तिला काय कळतंय!

"बघू या हं," मॅडम हसून म्हणाल्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या या मेळाव्याचा रिवाजच होता तसा. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम कुणाच्या हवाली करायचा, तर आधी तो पडद्यावर लावून सगळ्यांनी मिळून वाचायचा. परीक्षेचे पेपर कुलूपबंद ठेवणारा हा प्रोग्रॅम मॅडमनीच लिहून सगळ्यांसाठी फुकट खुला केलेला. कितीतरी कॉलेजं त्यावर विसंबून होती. आता त्यांच्याने होईना, म्हणून आज तो मुंगीच्या हाती जायचा होता.

मुंगी हे टोपणनाव. त्याला कुणीच पाहिलं नव्हतं. पण या मंडळींत माणसाआधी त्याचं काम ओळखतात. न कुरकुरता तो चुका दुरुस्त करून पाठवायचा, मॅडम तपासून मंजूर करायच्या. मॅडमच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने लिहिलं होतं, "तुम्ही आईंजवळ बसा. इकडचं मी बघतो." पोटचं पोरही इतकं म्हणत नाही, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले होते. आज तो पहिल्यांदाच भेटणार होता, पण मॅडम सभागृहात पोचल्यावर त्याची गाडी चुकल्याचा निरोप आला.

मॅडमनी पत्त्याची ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. हसू ओठांवरच वाळलं. कुलूप लागण्याआधी प्रत्येक पेपरची एक प्रत गुपचूप त्या परक्या पत्त्यावर जात होती.

"कुणी घातलं हे?" प्राचार्यांनी विचारलं.

शेजारीच नोंद होती. लिहिणारा, मुंगी. तपासून मंजूर करणारी, त्या स्वतः. आठवडा ऑपरेशनचा.

टेबलाची कड धरून त्या उभ्या राहिल्या.

"फुकटच्या गोष्टींचं हे असंच!" शेजारच्या कॉलेजचे सर मोठ्याने म्हणाले.

प्राचार्य कानाशी वाकले. "ताई, आत्ता काही बोलू नका. पाहुणे बसलेत. परीक्षा तोंडावर आल्यात."

"म्हणूनच बोलायला हवं, सर." त्यांनी माईक घेतला. "ज्यांनी ज्यांनी यात पेपर ठेवलेत, त्यांनी ते रद्द करा. आत्ताच फोन करा. मुंगीने पाठवलेलं मी न वाचता मंजूर केलं. विश्वास होता माझा."

खुर्च्या सरकल्या, फोन निघाले, जो तो दाराकडे धावला. ती मुलगी मात्र रडवेली होऊन जागेवरच उभी. "मॅडम, मी विचारायला नको होतं का?"

"विचारत जा गं बाई. मलासुद्धा विचारत जा."

घरी आल्या तेव्हा आईने टेबलावर तीन ताटं मांडली होती.

"एकटीच आलीस? तुझा तो मुंगी कुठाय?"

"नाही आला, आई."

"अगंबाई! बरं नसेल का गं त्याला? परक्या गावात कोण बघणार? फोन तरी करायचास."

मॅडम कॉम्प्युटर उघडून सगळ्या कॉलेजांना पत्र लिहू लागल्या. पहिलंच वाक्य तीनदा चुकलं.

"उशिरा येईल एखादे वेळेस," आई म्हणाली, आणि तिने तिसरं ताट वाढून नीट झाकून ठेवलं.