दाराआडचा फोटोग्राफर

आमचे हे आयुष्यभर लोकांचे फोटो काढत आले, पण त्यात एकालाही स्वतःचं तोंड दिसलं नाही. हे हॉस्पिटलात एक्स-रे काढतात. शेजारचे वकील रस्त्यात भेटले तर ह्यांना त्यांचं नाव आठवत नाही, पण त्यांच्या डाव्या खांद्याला काय झालं होतं ते चटकन आठवतं. अशा माणसाने फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं, आणि त्याचा सगळा ताप माझ्या डोक्याला झाला.

निमित्त होतं आमची मुलगी. तिला परदेशात नोकरी लागली होती, महिन्याभरात ती निघणार होती, आणि जाताना तिला एकच गोष्ट हवी होती. नव्या घराच्या भिंतीवर लावायला आईचा हसतानाचा फोटो. तिने घरातले सगळे अल्बम उपसले, तसा एकही सापडला नाही. मी हसत नाही असं मुळीच नाही. मी हसले की खालच्या मजल्यावरच्या बाई टीव्हीचा आवाज वाढवतात. पण मी शाळेत गणित शिकवते, आणि समोर कुणी काही रोखलं की माझा परीक्षेच्या वेळचा चेहरा आपोआप चढतो. माझ्या भावाच्या लग्नातल्या फोटोत मी नवरीच्या मागे अशी उभी आहे, जणू तिला कॉपी करताना मीच पकडलंय.

मी म्हटलं, फोटो कशाला हवा, व्हिडिओ कॉल आहेच. त्यावर मुलगी म्हणाली की व्हिडिओ कॉलवर तिने आजवर माझं कपाळ आणि छताचा पंखा याखेरीज काही पाहिलेलं नाही. ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

हे वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली ठेवून म्हणाले, "मी काढतो." आणि आठवड्याच्या आत कॅमेरा घरात आला, त्याच्याबरोबर तीन पायांचा स्टँड आला, आणि लांबून दाबायचं एक बिनतारी बटणही आलं. त्या बटणावर ह्यांचा भारी जीव.

वर्ग रविवारी सकाळी, एका शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरायचा. शिकवणारा पोरगा आमच्या मुलीहूनही लहान, डोक्यावर केसांचा अंबाडा. मी त्याला अंबाडा सर म्हणायचे. हे मात्र त्याच्याबद्दल इतक्या आदराने बोलायचे की ह्यांच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनीही हेवा करावा.

पहिल्या रविवारी सरांनी खिडकीचा उजेड शिकवला. माणसाला खिडकीशेजारी बसवा, उजेड एका बाजूने चेहऱ्यावर येऊ द्या, घरातले दिवे बंद करा. इतकं सोपं. मी चांगली तयार होऊन बसले. ह्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "कानातलं, गळ्यातलं, घड्याळ आणि केसांतल्या पिना काढून ठेव." मी विचारलं का, तर म्हणाले, मध्ये येतात. मग त्यांनी मला खिडकीशेजारी नाही, खिडकीच्या बरोबर पुढ्यात बसवलं. पाठीवर झगझगीत ऊन आणि तोंडावर अंधार. हनुवटी वर, खांदे पुढे, दीर्घ श्वास घे, रोखून धर. एवढं बोलून हे चक्क स्वयंपाकघरात निघून गेले.

मी श्वास रोखून बसले. दाराआडून टिक असा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. हे आत बटणावरचा हिरवा दिवा का लागला नाही याचा शोध घेत होते आणि मला श्वास सोडायला सांगायचं विसरून गेले होते. मी शेवटी आपल्या मनाने सोडला, तर बाहेर येऊन म्हणाले की हललीस.

"तुम्ही आत का जाता?" मी विचारलं.

"मग बटण काय इथेच उभं राहून दाबायचं?" असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही. एक्स-रेच्या खोलीत बटण भिंतीपलीकडे असतं. इतकी वर्षं हे भिंतीपलीकडे जाऊन बटण दाबत आलेत. फोटो म्हणजे रोगी इकडे, आपण तिकडे, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की कॅमेऱ्यातून फक्त उजेड आत जातो, बाहेर काही येत नाही, हे सांगून उपयोग नव्हता. तो फोटो छापून आला तेव्हा त्यात मी कोळशाच्या पोत्यासारखी दिसत होते. ह्यांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला, मान तिरकी करून पाहिला आणि समाधानाने म्हणाले, "खांदे अगदी सरळ आलेत." मग दुसरा काढला, बाजूने. हे समोरून एक आणि बाजूने एक असे दोन काढल्याशिवाय कुणाला सोडतच नाहीत.

पुढच्या धड्यात मागचं धूसर करायची युक्ती होती. लेन्सचा आकडा लहान ठेवा, माणूस भिंतीपासून पुढे ओढा, आणि नेम नेहमी डोळ्यावर धरा. बाकी सगळं ह्यांनी तंतोतंत केलं. नेम तेवढा सवयीने छातीच्या मधोमध धरला. माझ्या कुडत्याचं दुसरं बटण इतकं स्वच्छ आलं की त्याचा सुटत आलेला दोरा मला त्या फोटोत पहिल्यांदा दिसला. मागची भिंत धूसर, पुढची मी धूसर. शिवाय माझ्या उजव्या खांद्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा, त्यावर पेनाने काढलेलं 'आर' अक्षर. डावं-उजवं उलटं व्हायला नको म्हणून. मी म्हटलं, मला उलटी कोण टांगणार आहे? त्यावर हे गंभीरपणे म्हणाले की अशा चुका झालेल्या आहेत.

मग सरांनी सांगितलं की फोटो काढण्याआधी माणसाशी दोन शब्द बोलावेत, म्हणजे तो मोकळा होतो. हे घरी आले, मला खुर्चीत बसवलं, घसा साफ केला आणि विचारलं, "पूर्वी कधी पडली होतीस? कुठे मार? सध्या काही दुखतं?"

"डोकं," मी म्हटलं. तो फोटोही आहे. त्यात मी हसत नाहीये.

या सगळ्यात दिवस सरत चालले होते. मुलीच्या बॅगा भरायला लागल्या होत्या. नवीन फोटो आला की ती हातातलं टाकून बघायला यायची, आणि बघून पुन्हा आपल्या कामाला जायची. हे ह्यांनाही दिसत होतं. एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाले, "ती एवढ्या लांब जाईल आणि तिथे भिंतीवर तुझा पेपर गोळा करतानाचा चेहरा लावेल. मला ते नको आहे." मला खरंच वाईट वाटलं. मी आरशासमोर हसायचा सराव केला. ते इतकं भयंकर दिसलं की पुन्हा केला नाही.

दाराआडचं गुपित फुटलं ते वर्गात. सरांनी सगळ्यांना एकमेकांचे फोटो काढायला लावले. ह्यांच्या वाट्याला ग्रंथालयात काम करणाऱ्या एक बाई आल्या. ह्यांनी त्यांना कानातलं काढायला लावलं, श्वास रोखायला सांगितलं आणि बटण घेऊन जिन्यात गेले. जिन्यात शिंपी भेटला. शिंप्याने विचारलं की कंबर फार दुखते, काय करू. ह्यांना कंबरेबद्दल कुणी विचारावं आणि ह्यांनी बोलू नये असं होत नाही. वरती त्या बाई बिचाऱ्या गुणी विद्यार्थिनीसारख्या श्वास धरून बसलेल्या. शेवटी त्यांना गरगरलं आणि त्या खुर्चीसकट बाजूच्या पडद्याला टेकल्या. सर धावत जिन्यात आले.

त्यांनी ह्यांना फैलावर घेतलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "काका, फोटो निघतो तेव्हा तुम्ही बाहेर. मग काकू हसल्या तर तुम्हाला कळणार कसं?"

हे घरी आले. जेवताना मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, हे माझ्या लक्षातच आलं नाही गं. सरांनी शेवटची युक्ती दिली होती. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवायचा, त्यातून बघायचंच नाही. शेजारी उभं राहून माणसाकडे आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि हवं ते दिसलं की बटण दाबायचं.

मुलगी निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. खिडकी शेजारी होती, पुढ्यात नव्हती. कानातलं कानात होतं. नेम माझ्या डोळ्यावर होता, मुलीने दोनदा तपासला. ती माझ्या पायाशी जमिनीवर बसली होती, मला धीर यावा म्हणून. आणि हे कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले, आयुष्यात पहिल्यांदा, बटण दाबायच्या वेळी माणसाच्या समोर.

मला दिसत होतं की ह्यांना ते जड जातंय. पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळत होते. हे त्यांना परत आणत होते. टेबलावर चहाचा मोठा स्टीलचा ट्रे रिकामा पडला होता. ह्यांच्या डाव्या हाताने तो कधी उचलला ते ह्यांनाही कळलं नाही. ट्रे पोटावर आला, मग हळूहळू वर सरकत छातीवर गेला. उजव्या हातात बटण, डाव्या हातात ढाल, मान ताठ, आणि चेहरा असा की आता तोफ डागतात. त्या अवताराने ह्यांनी मला अत्यंत मवाळ आवाजात सांगितलं, "हं, अगदी मोकळी बस. घाबरू नकोस."

माझा बांध फुटला. मी हसले, खुर्चीच्या हाताला धरून हसले, थांबायला गेले आणि पुन्हा ट्रे आठवून हसले. डोळ्यांतून पाणी आलं. खालच्या बाईंनी टीव्ही वाढवल्याचं ऐकू आलं, त्यावर आणखी हसले. कधी तरी थांबले, डोळे पुसले आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे तसेच उभे.

"किती आले?" मुलीने विचारलं.

ह्यांनी हातातल्या बटणाकडे पाहिलं. "दाबायचं राहिलं," ते म्हणाले. "बघतच बसलो."

नंतर पुष्कळ प्रयत्न झाले. ट्रे पुन्हा धरून झाला, डोक्यावर ठेवून झाला. पण हसू असं बोलावून येत नाही. कॅमेऱ्यात जमल्या त्या फक्त परीक्षेच्या बाई. ह्यांनी स्टँड मिटला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण रागावता येईना. त्यांच्याइतकंच मलाही रडू येत होतं. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्यांनी मुलीला "फोटो राहिला गं" असं म्हटलं. ती म्हणाली, "नाही राहिला, बाबा." आम्हाला वाटलं, समजूत घालतेय.

पंधरा-वीस दिवसांनी तिचं नवं घर लागलं आणि तिने व्हिडिओ कॉल केला. फोन फिरवून भिंत दाखवली. भिंतीवर मोठ्या चौकटीत फोटो होता, आणि त्यात मी नव्हते. हे होते. त्या दिवशी माझ्या पायाशी बसून तिने आपल्या फोनवर ह्यांचा ट्रेसकट अवतार टिपला होता. मी हसत होते तो सगळा वेळ ती ह्यांचेच फोटो काढत होती. त्यातला हा एक. छातीशी ट्रे, बटणाचा हात सैल पडलेला, आणि समोर बघणारा तो चेहरा.

"इथे येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय बघतायत," मुलगी म्हणाली. "मी सांगते, माझी आई हसतेय."

हे बावरून हसले आणि मान खाली घालून चष्मा पुसायला लागले. मी त्या फोटोकडे बघत राहिले. मी हसले की माझे डोळे गच्च मिटतात, आधीपासूनच. म्हणजे इतकी वर्षं मी हसत होते तेव्हा माझ्यासमोर हा चेहरा होता, आणि मी तो एकदाही पाहिला नव्हता.

ह्यांनी विचारलं, कसा आलाय. मी फोन जवळ ओढून पुन्हा पाहिला. शेवटी म्हटलं, ट्रे जरा वाकडा धरलाय.