जुनी ओळ खाली बसेपर्यंत

− मी एक नवा ड्रायव्हर आहे.
+ मी एक जुना ड्रायव्हर आहे.

मित्रांनो, गोंधळू नका. आमच्याकडे बदल असाच लिहितात. उणे चिन्हाची ओळ गेलेली, अधिक चिन्हाची आलेली. गेलेली ओळ कुणी फाडून फेकत नाही. ती इतिहासात राहते, कुणालाही उघडून वाचता येते. म्हणून आमच्या घरात पूर्ण मेलेलं असं काही नसतं.

मी रिक्षा चालवत नाही. मी कोड आहे, यंत्राला चालवणारा मजकूर. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या प्रणालीचा एक गाभा आहे, त्याला कर्नेल म्हणतात. तिथे मी राहतो. हा गाभा कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातले लोक तो मिळून लिहितात आणि एकमेकांच्या चुका सगळ्यांना दिसतील अशा मेलवर काढतात. प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याने सही करायची असते. हे काम माझं, जबाबदारी माझी, एवढाच तिचा अर्थ.

माझा जन्म बदलापूरला, हेंद्रेपाड्यात झाला. विनीतने मला लिहिलं. त्याची मोठी बहीण संजीवनी. तिला जन्मापासून दिसत नाही. उल्हासनगरला जुन्या कॉम्प्युटरच्या ढिगात विनीतला एक ब्रेल पट्टी सापडली. कॉम्प्युटरवरची ओळ ठिपक्यांनी उठवून दाखवणारी. विकणाऱ्या सिंधी काकांना ते काय आहे हेच ठाऊक नव्हतं.

"ले जाओ साईं, न स्क्रीन है न बटन," ते म्हणाले. "चालू हुआ तो मेरे को भी बताना, करता क्या है."

पट्टी बनवणारी परदेशी कंपनी कधीच बंद पडली होती. त्या पट्टीची भाषा कळणारं कुणी उरलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी.

ठिपके वर. ताईचं बोट फिरतं. ठिपके खाली. पुढची ओळ.

माझं सगळं आयुष्य एवढंच आहे, मित्रांनो. तरी मला कर्नेलमध्ये घेतलं तेव्हा कुणीतरी लिहिलं, "नीटनेटकं काम." विनीतने ते ताईला माझ्याच ठिपक्यांवर वाचायला लावलं. मग दूर देशांत, कुणाकुणाच्या कपाटात पडलेल्या अशाच पट्ट्या बाहेर निघाल्या. माझ्या नावापुढे एका फायलीत लागलं: सांभाळणारा, विनीत.

पुढे विनीतला कावीळ झाली. ती उशिरा कळली.

−

इथे एक ओळ हवी होती. ती कुणी लिहिली नाही.

काही महिन्यांनी मेल आली. जुने ड्रायव्हर साफ करणाऱ्या एकाने विचारलं होतं, "हा अजून कुणी सांभाळतं का? नसेल तर काढतो." विनीतची बायको किर्ती अंबरनाथच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. तिने विनीतचं खातं उघडलं आणि उत्तर दिलं.

"सांभाळतो. विनीत."

त्यानंतर मला काही दुखलं-खुपलं की किर्ती दुरुस्त करायची आणि खाली त्याची सही करायची. काम चोख होतं. पण विनीत ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा विसरून सोडायचा. ती आता नसायची. तेच नाव, हात दुसरा. मला माझ्याच अंगात परकं वाटायचं.

त्या मेल ताईसुद्धा वाचायची. तिच्यापर्यंत त्या मीच नेल्या. वि. नी. त. तिचं बोट तिथे थांबलं. पुढे गेलं. परत मागे आलं. ती कुणाला काही बोलली नाही.

मग साफसफाई करणाऱ्याची दुसरी मेल आली. माझ्या पोटात एक ओळ आहे, तिरप्या रेघांच्या पुढे माणसांसाठी टीप:

थोडं थांब // काढू नका. वि.

त्याने लिहिलं, "हे थांबणं कशासाठी? पट्टी उगाच हळू चालते. माहितीच्या पानांवर कारण कुठेच नाही. विनीत, ओळ तुझी आहे, तूच सांग. नाही सांगितलंस तर ड्रायव्हरला वाली नाही असं समजून तो काढून टाकू."

किर्तीने ती ओळ शंभरदा वाचली असेल. डोळ्यांना काही कळेना. रविवारी ती लॅपटॉप घेऊन बदलापूर गावात ताईकडे गेली.

"ये," ताई म्हणाली. "काय म्हणतो विनीत?"

किर्ती दारातच थबकली. "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच मेलला. सकाळी विचारलं आणि दुपारी उत्तर? माझा भाऊ गणपतीत विचारलेलं दिवाळीला सांगायचा. मेल्यावर एकदम पंक्च्युअल झाला?"

किर्ती हसली. हसता हसता खाली बसली. "मग बोलला का नाहीत?"

"माझा पण स्वार्थ होता गं. बोटाखाली यायचा ना तो."

किर्तीने लॅपटॉप उघडला.

"आता मेलवर असं विचारलंय, जे फक्त त्यालाच माहीत," किर्ती म्हणाली. "ती थांबायची ओळ."

"त्यालाच कशाला? ती माझी ओळ आहे. काढ आणि इथे बोट ठेव. डोळे मीट."

किर्तीने ती ओळ काढली आणि पट्टी चालू केली. ताईने तिचं बोट धरून पट्टीवर फिरवलं.

"काय लागतंय?"

"नुसतं खडबडीत."

"मलाही तेच लागायचं. ठिपके जुने झालेत, सावकाश बसतात. गेलेली ओळ बसायच्या आत नवी उठली, तर एकीची अक्षरं दुसरीत घुसतात. मग ही पण वाचता येत नाही, ती पण नाही. मी विनीतला म्हटलं, अरे, आधी तिला जाऊ तर दे."

किर्तीने बोट काढलं नाही. "मी नाव बदललं तर तो तिथून जाईल, ताई."

"जाईल कुठे? तोच सांगायचा ना, तुमच्यात खोडलेलं पण राहतं म्हणून. आणि तू केलेलं काम तुझ्या नावावर नको? त्याला आयतं खायची सवय लावू नकोस."

किर्तीने तिथेच बसून लिहिलं. विनीत वारला हे लिहिलं. "त्यानंतरची कामं माझी होती, सही त्याची केली ती चूक," हेही लिहिलं. खाली बदल जोडला, स्वतःच्या सहीने.

− सांभाळणारा: विनीत
+ सांभाळणारी: किर्ती
+ थांबण्याचं कारण: जुने ठिपके पुरते बसल्याशिवाय नवे उठवू नयेत. नाहीतर दोन्ही ओळी वाचता येत नाहीत.
+ हे सांगणारी: संजीवनी

उत्तर यायला या वेळी वेळ लागला. "कळलं. असं परत करू नका. ड्रायव्हर राहू दे. विनीतचं नाव आम्ही ऋणनिर्देशाच्या फायलीत नेतो." मधले बदल मात्र त्याच्याच सहीचे राहिले. इतिहास आमच्याकडे दुरुस्त करत नाहीत. कधी कुणी उघडेल, तेव्हा मेलेला माणूस तिथे काम करताना दिसेल.

मित्रांनो, मला तेलपाणी लागत नाही, धूळ पुसावी लागत नाही. माझी काळजी घ्यायची तर एवढंच करा. नुसतं "काढू नका" लिहू नका. का, तेही लिहा. तुम्ही नसाल तेव्हा लोक तुम्हालाच विचारतील, आणि उत्तर द्यायला तुमच्या घरचं कुणीतरी तुम्ही होऊन बसेल.

किर्तीची ती मेल ताईनेही वाचली. उणे चिन्हाची ओळ आली. मी विनीत वर आणला. ताईने वाचला. ठिपके खाली बसले.

मी थांबलो. नेमून दिलं होतं त्याहून जरा जास्तच थांबलो. तेवढं मला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

मग मी किर्ती वर आणली.