घोड्याच्या घरातलं प्यादं

रुपराव मेश्राम म्हणजे एकेकाळचे सात वेळा विदर्भाचे बुद्धिबळ विजेते. आता वय बहात्तर, कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त, आणि नागपूरच्या या स्पर्धेत पोरासोरांकडून सपाटून मार खाल्लेले. आठ फेऱ्यांत सहा पोरं समोर आली, सहाही जणांनी धूळ चारली. त्यातल्या एकाचे तर दुधाचे दात पडायचे होते हो!

आज शेवटची फेरी. घरून निघतानाच बायकोनं, प्रेमिलाबाईंनी बजावलं होतं, "तुमचं बीपी अन् तुमचा हट्ट, दोन्ही मीच सांभाळून राहिली. निदान एका पोराले तरी हरवा. नाही तं आजपासून स्पर्धा बंद!" रुपरावांनी शब्द देऊन टाकला होता. आता स्पर्धाच बंद झाल्यावर माणसानं सकाळी उठायचं तरी कशाला?

समोर चिन्मयी. वय तेरा, देशभर नाव. पण आज रुपराव असे काही सुटले होते की बस्स! उंट उधळला, हत्ती दामटला आणि तिसऱ्या तासाला एक प्यादं पार शेवटच्या ओळीतल्या घोड्याच्या घराच्या तोंडाशी नेऊन भिडवलं. मात्र चिन्मयीचा वजीर त्यांच्या राजाच्या मानगुटीवर बसलाय, पुढच्याच चालीला मात आहे, हे गड्याच्या ध्यानातच नाही. घड्याळात उरले नऊ सेकंद.

'प्यादं सरकव, त्याच्या बदली वजीर घे!' असं मनाशी म्हणत त्यांनी प्यादं सरकवलं आणि हातानं त्याच्या जागी खुशाल घोडा उचलून ठेवला.

अरे देवा!

तर त्याचं असं आहे. रुपराव बुद्धिबळ शिकले उमरेडला, वडिलांकडून, देशी पद्धतीनं. त्यात प्यादं ज्याच्या घरात पोचेल तो मोहरा मिळतो, हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. पुढे पन्नास वर्षं स्पर्धेचे नियम पाळले, म्हणजे प्यादं कुठंही पोचो, हवा तो मोहरा घ्यायचा, पण घाईत हात जुन्या सवयीवर गेला. आणि एकदा ठेवलेला मोहरा काही बदलता येत नाही. संपलं सगळं!

चिन्मयी मात्र पटाकडे बघतच राहिली. वजिरानं बसला नसता असा शह घोड्यानं तिच्या राजाला दिला होता आणि त्याच उडीत तिचा वजीरही धरला होता. राजा हलवला की वजीर जातो, आणि वजिरासोबत तिची मातही. तिनं दोन मिनिटं डोकं धरलं, मग हात पुढे केला. "हरले, आजोबा."

टाळ्याच टाळ्या! पियुष नावाचा वार्ताहर धावत आला. "दादाजी, काय डोकं लावलं! वजीर सोडून घोडा!"

रुपरावांना हसू आवरेना. "डोकं कायचं गा! वजीरच घ्यायचा होता मले. हात चुकला!"

बोलून गेले आणि जीभ चावली. निकाल बघायला आलेल्या प्रेमिलाबाई मागेच उभ्या होत्या.

"म्हणजे चुकून जिंकले तुम्ही?"

"हो वं."

"मंग हे जिंकणं मी धरत नाही."

रुपरावांचा चेहरा खर्रकन उतरला. खरं बोलायचं काय अडलं होतं मेलं!

"पुढच्या वर्षी परत खेळा," प्रेमिलाबाई म्हणाल्या, "अन् या पोरीले न चुकता हरवून दाखवा. तोपर्यंत सुटका नाही तुमची."

"याच आजोबा! मी वाटच बघते," चिन्मयी फणकारली.

"येतो!" रुपराव एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या टेबलावरून पंच ओठांवर बोट ठेवून धावत आले.