उत्कर्षाच्या लॅपटॉपच्या सीडी

सोलापूरच्या भवानी पेठेतला छापखाना बंद पडला तेव्हा संगप्पा साठीला आला होता. तरुणपणी त्याने छपाईचे शिशाचे खिळे जुळवले, पुढे कॉम्प्युटरवर बसायला शिकला. लग्नपत्रिका मराठीत असो की कन्नडमध्ये, मजकूर लावायचं काम त्याचंच. मालकांचा मुलगा पुण्याला गेला, मशिनं विकली गेली. मालकांनी जाताना संगप्पाला टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर तेवढं देऊन टाकलं.

"घरी बसून पत्रिका करा की," बायको शांतम्मा म्हणाली. "लोक तुम्हालाच ओळखतेत."

म्हणून त्याने एक जुना लॅपटॉप घेतला. पण दुकानदाराने त्यात नवी विंडोज मारलेली होती आणि तिच्यावर ते सॉफ्टवेअर काही चालेना. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत. संगप्पा परत दुकानात गेला.

"काका, तुम्हाला जुनी विंडोज लागणार," दुकानदार म्हणाला. "ती आता कुठं मिळायची? पण या लॅपटॉपबरोबर कंपनीच्या सीडी आलेल्या असणार. ज्यांनी विकला त्यांनाच विचारा." आणि त्याने एक फोन नंबर दिला.

नंबर जुळे सोलापुरातल्या रामहरी काशीद यांचा होता. संगप्पाने काम सांगितलं. पलीकडे आधी दार लोटल्याचा आवाज आला.

"सीडी आहेत," मग रामहरी म्हणाले. "पण वर घरी येऊ नका. मी खाली आणून देतो."

संगप्पाला हे जरा विचित्र वाटलं, पण गरज त्याची होती. सीडी याच लॅपटॉपच्या आहेत ना, हे बघून घ्यावं म्हणून तो लॅपटॉप पिशवीत घालून रिक्षाने गेला. रामहरी इमारतीखाली उभेच होते. त्यांनी प्लॅस्टिकचं एक पाकीट पुढे केलं. संगप्पाने लॅपटॉप बाहेर काढला, उलटा धरला आणि मागचं मॉडेलचं नाव पाकिटाशी ताडून पाहू लागला. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक बाई फाटकातून आत आल्या. लॅपटॉपच्या टवका उडालेल्या कोपऱ्याला कुणीतरी लाल नेलपॉलिश लावलं होतं. बाईंची नजर तिथंच खिळली.

"ह्यो तर उत्कर्षाचा हाय," त्या म्हणाल्या.

रामहरींनी मान खाली घातली.

"तुमी तर म्हनला, दुरुस्तीला दिलाय."

त्या सोनाबाई, रामहरींच्या पत्नी. त्यांनी संगप्पाला वर नेलं. भिंतीवर हार घातलेला एका मुलीचा फोटो होता. तो पाहिल्यावर संगप्पाला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. उत्कर्षा ही त्यांची एकुलती एक. इंजिनिअरिंगला होती. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर महिन्याभराने डेंग्यू झाला आणि आठवडाभरात सगळं संपलं.

"उत्कर्षा गेल्यावर ही दिवसभर त्या लॅपटॉपपुढं बसायची," रामहरी हलक्या आवाजात म्हणाले. "जेवण नाही, झोप नाही. मला वाटलं, नजरेआड केला तर जरा सावरेल."

सोनाबाईंनी ते ऐकलंही नसावं. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बटण दाबलं. निळा पडदा आला.

"हितं तिचा फोटो यायचा. हुरडा खाताना काढलेला. कुटं गेला?"

त्यांनी दोन-तीन बटणं दाबून पाहिली.

"अन आवाज? कॉलेजात भाषन करायचं हुतं तिला. बोलायची, रेकॉर्ड करायची, ऐकायची, पुन्हा बोलायची. समदं इंग्रजी. मला एक अक्षर कळत न्हवतं, पर सैपाक करताना कानावर पडायचं." त्या संगप्पाकडे वळल्या. "अण्णा, ह्याच्यात आसंल का वो त्यो आवाज?"

संगप्पाच्या हातात सीडीचं पाकीट होतं. ते घेऊन तो घरी जाऊ शकला असता.

"मला ठाऊक न्हाई, अक्का," तो म्हणाला. "पर मी सीडी घालत न्हाई. आदी कुणाला तरी दाखवून बघतो."

बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून फोटो-फायली काढून देणारा महेश्वर त्याच्या ओळखीचा होता. त्याने लॅपटॉप पाहून मान हलवली. "दुकानदारानं एकदा सगळं पुसलंय, काका. वर नवी विंडोज बसलीय. खाली काही उरलं असलं तर प्रयत्न करतो. पण तुमच्या सीडी आता घातल्या तर जे असेल तेही जाईल. वेळ लागेल."

"लागू दे," संगप्पा म्हणाला.

लगीनसराई सुरू झाली होती. मैंदर्गीहून पाहुण्यांतला रेवणसिद्ध मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला मुद्दाम आला. संगप्पाने त्याला दुसऱ्याचा पत्ता दिला. तो गेल्यावर शांतम्मा चिडली.

"आलेलं काम परत लावता. ती बाई कोण लागते आपली?"

"कोण न्हाई."

"मग?"

"पोरीचा आवाज मागते ती, शांता. मी वरून सीडी कशी घालू?"

त्या दिवसानंतर शांतम्माने लॅपटॉपचा विषयच काढला नाही.

महेश्वरचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजावरूनच संगप्पाला अंदाज आला. फायली पुष्कळ निघाल्या होत्या, पण फुटलेल्या. रेकॉर्डिंगं लावली की नुसती खरखर. एकच फोटो उघडला, तोही अर्धा. खाली हुरड्याचं ताट आणि दोन हात दिसत होते. वरचा भाग राखाडी, तिथे चेहराच नव्हता.

हे दाखवावं की नाही, याचा संगप्पाने रात्रभर विचार केला. सकाळी त्याने रामहरींना फोन करून खरं काय ते सांगितलं. दुपारी दोघं नवरा-बायको भवानी पेठेत त्याच्या घरी आले.

"लावा," सोनाबाई म्हणाल्या.

संगप्पाने रेकॉर्डिंग लावलं. खोलीभर खरखर पसरली. सोनाबाईंनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली. मग अर्धा फोटो पाहिला. पडद्यावरच्या त्या हातांवरून बोट फिरवलं.

"हात तिचंच हायती," त्या म्हणाल्या.

संगप्पाने तो फोटो रामहरींच्या मोबाइलवर पाठवला. शांतम्माने चहा आणून ठेवला. कपांना कुणी हात लावला नाही. सोनाबाई म्हणाल्या, "घाला आता तुमच्या सीडी, अण्णा. खरखरीसाठी किती दिस थांबायचं?"

"घाई न्हाई, अक्का."

"घाला."

त्याने पहिली सीडी आत सरकवली. ती घुंई आवाज करत फिरू लागली. आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं पडद्यावर विचारलं गेलं. संगप्पाने सोनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्याने बटण दाबलं. मग चौघंही बसून राहिली, एखाद्याच्या घरी सांत्वनाला गेल्यावर बसतात तशी.

सीडी संपल्या, टायपिंगचं सॉफ्टवेअर चढलं. संगप्पाने सहज चार अक्षरं मारून पाहिली. ती नीट उमटली. त्याला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

"आता पत्रिका करता येतील नव्हं?" सोनाबाईंनी विचारलं.

"व्हय."

"मग तिचीच करा. वर्षश्राद्ध जवळ आलंय. ह्ये कवाधरनं मागं लागलेत, मजकूर सांग म्हनून. मी सांगतच न्हवते."

रामहरींनी चमकून बायकोकडे पाहिलं.

संगप्पाने वर 'प्रथम पुण्यस्मरण' लिहिलं. खाली नाव लिहू लागला. अशा पत्रिका त्याने आयुष्यभर लावल्या होत्या. बोटांनी सवयीने आधी 'कै.' टाकलं, मग 'उत्कर्षा रामहरी काशीद'.

सोनाबाई वाकून एकेक अक्षर लावत वाचत होत्या. "म्होरलं त्ये काडता येतं का?"

"येतं की."

त्याने 'कै.' पुसलं. नुसतं नाव राहिलं.

"वहीवर आसंच लिवायची," त्या म्हणाल्या.

त्या नावाकडे त्या बघत राहिल्या. बाहेर रिक्षा येऊन थांबली, गेली. कुणीतरी कन्नडमध्ये मोठ्याने हाक मारली.

"लिवा त्ये परत," शेवटी सोनाबाई म्हणाल्या. "लोकांनी इच्यारायला नको, पोरगी काय करते म्हनून. मला न्हाई सांगता यायचं सारकं सारकं."

संगप्पाने 'कै.' पुन्हा लिहिलं.

तेव्हा रामहरी उठले आणि चपला न घालताच बाहेर गेले. ओट्यावर बसून त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला, पण हुंदका आवरला नाही. पोरगी गेली त्या दिवशी ते रडले नव्हते. दवाखाना, माणसं, सगळं तेच बघत होते. आता त्यांचे खांदे नुसते हलत होते.

सोनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग बाहेर जाऊन नवऱ्याशेजारी बसल्या. "मला न सांगता इकला म्हनून लई राग आला हुता," त्या म्हणाल्या. "आता न्हाई." त्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आत शांतम्माने गार झालेला चहा पुन्हा चुलीवर ठेवला.