रेघेच्या आतलं गवत

दर रविवारी सकाळी आमच्या जाऊबाईंच्या घरासमोर चपलांचा खच पडायचा. शंभर-सव्वाशे माणसं, कडेवर पोरं, हातात फोन. काही जण घरून स्टुलं घेऊन यायचे. आणि सगळ्यांच्या पुढे, रेघबाबांच्या शेजारच्या खुर्चीत, आमच्या जाऊबाई. केस चापूनचोपून बांधलेले, हात मांडीवर, चेहरा असा की जणू सूर्य यांनाच विचारून उगवतो.

मी आपली मागे, विजेच्या खांबाला टेकून. मला पुढे कोण बोलावणार?

रेघबाबा रस्त्यावर गवताच्या दोन झोपड्या ठेवायचे, खोक्याएवढ्या. मग झोळीतून राख काढून एकीभोवती गोल रेघ मारायचे. रेघ मारताना आवाज असा लावायचे की बाळाला झोपवताहेत.

"बाळांनो, अग्नी आंधळा आहे. पण त्याला मर्यादा कळते. आमच्या गुरूंनी त्याच्याकडून शब्द घेतलाय. रेघ दिसली की तो म्हणतो, हे घर माझं नाही."

आंधळ्या अग्नीला रेघ दिसते कशी, हे कुणी विचारत नव्हतं. चेला दोन्ही झोपड्यांना काडी लावायचा. रेघेबाहेरची भडकायची आणि दोन मिनिटांत तिची काळी शेव उरायची. रेघेतली नुसती धुरकटायची, काळवंडायची आणि उभी राहायची. लोक हात जोडायचे. मग राखेच्या पुड्यांसाठी रांग लागायची. आणि जाऊबाई जागेवरून उठून माझ्याकडे एक नजर टाकायच्या. ती नजर मला आठवडाभर पुरायची.

कारण मूळ चमत्कार त्यांच्या घराचा होता. आमची वस्ती माळाला लागून आहे. शेवटच्या ओळीत आमची दोन घरं शेजारी शेजारी, थोरल्याचं आणि धाकट्याचं, मध्ये कमरेएवढी भिंत. गेल्या उन्हाळ्यात दुपारी माळावरून वणवा आला. माझं घर तासाभरात जळून बसलं. जाऊबाईंच्या घराचं कौलसुद्धा तडकलं नाही. आणि वणव्याच्या आठच दिवस आधी कुठून तरी फिरत आलेल्या रेघबाबांनी त्यांच्या घराभोवती राखेची रेघ मारली होती.

झालं. बाबांचं नशीब उघडलं आणि जाऊबाईंचंही. लोक त्यांच्या दाराच्या चौकटीला हात लावून जायला लागले. मी पत्र्याच्या दोन खोल्यांत राहून हे बघायचं.

"धाकटीचं का जळलं, बाबा?" असं पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारलं होतं.

बाबांनी माझ्याकडे बघून उसासा टाकला. "जिच्या मनात मत्सर, तिच्या घरात अग्नी हक्काने येतो."

सगळ्यांनी वळून बघितलं. आणि मी मान खाली घातली. का? कारण मत्सर होताच. लग्न होऊन आले त्या दिवसापासून आहे. सासूबाई त्यांच्याकडे राहतात, सगळे आधी त्यांचं ऐकतात, माझ्या हातचं काहीही असो, "मोठी असं करत नाही" हे ठरलेलं. या माणसाने नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. मला वाटलं, याला खरंच काहीतरी दिसतं बाई.

आणखी एक कारण होतं. ते मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. ते पुढे येईल.

बाबांच्या रेघेला नियम होते. "रेघेवरून पातं जाता कामा नये, झाडू फिरता कामा नये. रेघ दुखावते." मग काय, आख्ख्या वस्तीने विळे टांगून ठेवले. दर वर्षी पावसाळा संपला की आम्ही सगळे मिळून घरांमागचं गवत कापून मोकळा पट्टा करायचो. त्या वर्षी पट्टा करायला कुणी माळाकडे फिरकलं नाही. घराघराभोवती पुड्यांतल्या राखेची रेघ आणि रेघेच्या आत गुडघाभर गवत.

सगळ्यात उंच गवत जाऊबाईंकडे. ज्या बाई अठरा वर्षं रोज सकाळी अंगण असं झाडायच्या की दाणा सांडला तर दिसावा, त्यांनी वर्षभर झाडूला हात लावला नव्हता. पावसात ते वाढलं, थंडीत पिवळं पडलं, उन्हाळ्याच्या तोंडाला वाजायला लागलं.

माझा धंदा झाडू बांधायचा. माळावरचं गवत मी रोज कापते, वाळवते, बांधते. कोरडं गवत काय करतं हे मला कुणी शिकवायला नको. भिंतीवरून मला ते रोज दिसायचं. आणि खरं सांगू? मी मनात म्हणायचे, वाढू दे. तुमच्यासाठी अग्नीने शब्द दिलाय ना, मग वाढू दे. बघू या वर्षी कोण कुणाकडे नजर टाकतं.

असं मी म्हटलं. एकदा नाही, रोज म्हटलं.

एका दुपारी जाऊबाई बाहेर गेल्या होत्या म्हणून सासूबाईंना पाणी द्यायला गेले. त्यांचे पाय गेलेत. त्यांची खाट मागच्या खोलीत, खिडकीला लागून. मी आत गेले तर खोलीत अंधार. खिडकी उघडी होती, पण गवत गजांतून आत आलं होतं.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "हे जरा बाजूला कर ना. तोंडाला लागतं. मोठी म्हणते, हात लावायचा नाही."

मी ते बाजूला केलं. ते परत आत आलं. वाढू दे म्हणताना मी जाऊबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होते. ही खाट माझ्या हिशोबातच नव्हती.

पुढच्या रविवारी मी खांबाला टेकले नाही. खेळ संपल्यावर रस्ता झाडायच्या निमित्ताने उरलेल्या झोपडीपाशी गेले आणि तिच्या चार काड्या ओच्यात टाकल्या. घरी येऊन हातात घेतल्या आणि हसूच आलं. अरे, वीस वर्षं गवत हाताळते मी. कोरडी काडी कटकन मोडते. ही वाकत होती. वजनाला जड, अंगावर पांढुरकी पूड, आणि बोटांच्या चिरांना लागली तशी आग झाली. हे गवत कशात तरी भिजवून वाळवलेलं होतं.

काड्या घेऊन मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेले. त्यांनी काडी उजेडात धरली, पूड बोटावर घेतली आणि विचारलं, "बाबांची शेती आहे का हो?"

"झोळीशिवाय काही नाही."

"मग खताच्या दुकानात त्यांचा चेला दर महिन्याला काय करतो? गोणी खांद्यावर घेऊन जाताना मी दोनदा बघितलाय."

दुकानदाराला विचारून आम्ही तेच खत आणलं. शेतात टाकतात ते साधं डीएपी. बादलीत विरघळवलं, गाळलं, माझं गवत रात्रभर भिजवलं, दोन दिवस उन्हात वाळवलं. शाळेच्या मागे काडी लावली. गवत काळं पडलं, धूर झाला, पण जाळ धरेना.

"यातलं फॉस्फेट गवताला पेटू देत नाही, नुसतं करपवतं," बाई म्हणाल्या. "वणवे विझवणारे लोक अशीच द्रव्यं विमानातून फवारतात. यात मंत्र नाही, गुरू नाही. आहे ते खत."

त्यानंतरच्या रविवारी मी दोन झोपड्या बांधून घेऊन गेले, एक साध्या गवताची, एक खतात भिजवलेल्या, आणि बाबांच्या झोपड्यांशेजारी ठेवल्या. पुढे, खुर्च्यांच्याही पुढे.

"बाबा, आज माझ्या गवताला रेघ मारा."

बाबा गोड हसले. "माई, तुझ्या मनात मत्सर आहे. तुझ्या हाताला रेघ साथ देणार नाही."

"मत्सर आहे," मी म्हटलं. "जाऊबाईंचा आहे, तुमच्या शेजारच्या खुर्चीचा आहे, सगळ्याचा आहे. पण गवताला तो कसा कळणार? रेघ तुम्ही मारा."

लोक हसले. बाबा हलेनात. मग विज्ञानाच्या बाई पुढे आल्या. त्यांनी रांगेतल्या एकाच्या हातची पुडी मागून घेतली आणि माझ्या साध्या गवताच्या झोपडीभोवती नीट, जाडजूड रेघ मारली. खतात भिजवलेलीला काहीच नाही. मी दोन्हींना काडी लावली.

रेघेतली झोपडी भडकली आणि खाली बसली. रेघ नसलेली करपली आणि उभी राहिली.

बाईंनी खत, बादली, सगळं चार वाक्यांत सांगितलं. चेल्याने झोळी उचलली होती. "आज वातावरण अशुद्ध आहे," एवढं पुटपुटून बाबा निघाले. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण तेवढ्यात वाण्याने मोठ्याने विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण मग गेल्या वर्षी मोठीचं घर वाचलं कसं? ते काय खतात भिजवलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जाऊबाईसुद्धा. त्या खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

इथे मला ते सांगावं लागलं.

"माझ्या घराला वणव्याचा जाळ लागलाच नाही," मी म्हटलं. "जाळ अजून पन्नास पावलं लांब होता. वाऱ्याने ठिणग्या आल्या. मी झाडूंचं सगळं गवत मागच्या भिंतीला वळचणीपर्यंत रचून ठेवलं होतं, आणि पन्हळीत वर्षाचा पालापाचोळा. ठिणगी त्यात पडली. माझ्या डोळ्यांसमोर पडली. घर माझ्या गवताने जळलं, मी रचलेल्या. मला सगळे मत्सरी म्हणाले ते मी चालवून घेतलं, कारण स्वतःच्या हाताने घर जाळलं हे सांगायची लाज वाटली."

माझे यजमान गर्दीत होते. त्यांनाही हे त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं. त्यांच्याकडे बघायचा धीर मला झाला नाही.

"आणि त्याच ठिणग्या जाऊबाईंच्या अंगणातही पडल्या. शंभर पडल्या असतील. पण तिथे पेटायला काही नव्हतं. अठरा वर्षं रोज झाडलेली उघडी माती होती. भिंतीला काडी टेकलेली नव्हती. पन्हळ साफ होती. घर बाबांनी वाचवलं नाही. जाऊबाईंनी वाचवलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं चांगलं बोलले, आणि तेही शंभर माणसांत. दात उपटून दिल्यासारखं वाटलं.

जाऊबाई खुर्ची सोडून घराच्या मागे गेल्या. मी मागोमाग गेले. त्या गवताच्या कडेला उभ्या होत्या. सासूबाईंची खिडकी कुठे आहे ते बाहेरून दिसतही नव्हतं.

"तू रोज गवत कापतेस," त्या म्हणाल्या. "मला चमत्काराने आंधळं केलं होतं. तुझे डोळे तर उघडे होते. हे तुला कधी दिसलं?"

खोटं बोलता आलं असतं. "पाऊस थांबला तेव्हाच."

त्या बोटांवर महिने मोजत असाव्यात. पाच झाले होते.

"आणि आत सासूबाई आहेत, हे?"

उत्तराची वाट न बघता त्या घरात गेल्या, दोन विळे घेऊन आल्या आणि एक माझ्या हातात दिला. "खिडकीपासून सुरू कर," म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण पहिला वार त्यांनी रेघेवरच घातला, आणि संध्याकाळपर्यंत वस्तीतले सगळे विळे माळावर होते.

तर बाबांनो, बायांनो, माझं सांगणं एवढंच आहे. वणव्याला तुमचं मन दिसत नाही, पुण्य दिसत नाही, आणि मत्सर तर मुळीच दिसत नाही. त्याला भिंतीला टेकलेलं गवत लागतं. ते कापा. पन्हळी साफ करा. सरपण घरापासून लांब रचा. कुणी चमत्कार दाखवला तर वस्तू आपली द्या आणि मग बघा. आणि शेजारच्या घराला गवत चढताना दिसलं, तर ते घर कितीही डोळ्यांत खुपत असलं तरी त्याच दिवशी हाक मारा. मी पाच महिने मारली नाही. त्या पाच महिन्यांत वाऱ्याने एक ठिणगी जरी आणली असती, तर सासूबाईंना खाटेवरून उतरताही आलं नसतं.