पीटची सवय

पिल्लांचं दूध सोडवणं मला जमलं होतं. त्यात कुणाची अक्कल उसनी घेतली नव्हती. कोठाराच्या फळ्यांखाली मांजरीण आणि दोन पिल्लं सापडली तेव्हा मार्चचा बर्फ अजून होता. बेवारस मांजरांच्या संस्थेची बाई फोनवर म्हणाली, बारा आठवड्यांची होईपर्यंत सांभाळा, मग घर शोधू. घर मिळालं नाही तर पिंजरा. सांगणारे सांगून मोकळे.

मी खिमा कोमट पाण्यात कालवला, आधी बोटाने चाटवला, मग बशीत दिला. पिल्लं बशीतच उभी राहून स्वतःचे पाय चाटायची. ती पुन्हा पुन्हा लुचायला जायची, तशी आई वैतागून कपाटावर चढून बसू लागली. रोज पाणी थोडं कमी केलं. तीन आठवड्यांत नुसता खिमा.

संडास त्याहून सोपा. तळ्याकाठच्या घरी बिनपाण्याच्या संडासात टाकायला पीट आणतो, दलदलीतली ती वाळवलेली भुसभुशीत माती. त्याचं पोतं पडवीत होतं. पसरट पेटीत ओतलं, खाणं झालं की पिल्लांना त्यात बसवलं, पंजा धरून उकरायला शिकवलं. चार दिवसांत तयार.

मे महिन्यात घर मिळालं. पोरी शहरातली आउने नावाची बाई शनिवारी दोघांना न्यायला येणार होती. संस्थेची बाई म्हणाली, "फ्लॅटमधली माणसं आहेत, मांजराच्या पेटीत विकतचे पांढरे दाणे वापरतात. तशी सवय लावा." रविवारी मी पीट फेकून दाणे भरले.

सोमवारी शेजारचा ओइवा ओरडत आत आला. त्याची खिडकी उत्तरेला, म्हणून टोमॅटोची रोपं माझ्या खिडकीत.

"हिल्का, तुझ्या पोरांनी माझ्या टोमॅटोत हगून ठेवलंय!"

"शक्यच नाही. शिकलेली आहेत ती."

"मग मी हगलो का?"

पेटी बघितली, कोरडी ठणठणीत. मला काही कळेना. पेटी धुतली, जागा बदलली, दुसरी आणली. पिल्लं आत बसायची, माझ्याकडे भोळेपणाने बघायची आणि उडी मारून थेट कुंडीत. संस्थेला फोन केला तर म्हणे तणाव असेल. टीचभर जिवाला कसला तणाव? मी गुरुवारपर्यंत पिल्लांवर, पेटीवर, स्वतःवर खेकसत होते. दोन दिवसांत घर जाणार आणि पिंजरा येणार, एवढंच कळत होतं.

गुरुवारी ओइवाने कुंडी उचलून नाकाशी धरली.

"अगं, यात पीटच आहे की! रोपांची माती पीटचीच असते. त्यांनी चूक काय केली? तू शिकवलंस तिथेच बसली. दूध तीन आठवड्यांत सोडवलंस आणि पीट एका रात्रीत?"

त्याचं खरं होतं, याचाच जास्त राग आला.

मग दाण्यांत मूठ मूठ पीट मिसळत गेले. शनिवारपर्यंत सवय अर्धी लागली. एकदा पेटी, एकदा कुंडी.

आउने आली, पिल्लू मांडीवर घेतलं. "घरात स्वच्छ राहतात ना?"

हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"आमच्या खिडकीत सेहेचाळीस टोमॅटो आहेत हं," ती कौतुकाने म्हणाली.

ओइवा खोकला. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. सगळं सांगून टाकलं, पीट, दाणे, कुंड्या, सगळं. फसवून दिलेलं पिल्लू आठ दिवसांत परत येतं, आणि परत आलेल्याला कुणी घेत नाही.

आउनेने पिल्लू खाली ठेवलं आणि उठून गाडीकडे गेली. झालं, मी म्हटलं.

ती टोपली घेऊन परत आली.

"पीटचं पोतं देता का?"

"पण तुम्ही तर पांढरे दाणे वापरता ना?"

"मी? कोण म्हणालं? मी कधी मांजर पाळलंच नाही. आणि कुंड्यांवर पाइनची टोचरी बोंडं रचून ठेवीन, मग बघू कुठे बसतात."

पिल्लं गेली, पोतं गेलं. मी दारात उभी राहिले. संस्थेच्या बाईला आता फोन करून काय विचारायचं, तेच सुचेना. आत पेटीसमोर त्यांची आई बसली होती. मिसळायला आता पीट उरलं नव्हतं. तिने आधी त्या दाण्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.